समुद्रांतील भटक्यांचें नामकरण

समुद्राच्या पाण्याची ओंजळ भरून घेतली तर तींत पाण्यावांचून कांहीं असेल असें डोळ्यांना वाटत नाहीं. परंतु तेंच पाणी तलम जाळ्यांतून गाळून त्या गाळाचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवला, कीं एक निराळीच सृष्टि प्रकट होते. कोणी काचेसारखे पारदर्शक, कोणी वल्ह्यासारखे पाय मारीत उसळणारे, कोणी शिंगाड्यासारखे कांटेरी, असे नाना रूपांचे चिमुकले प्राणी त्यांत वावरत असतात. प्रवाहाविरुद्ध जाण्याचें बळ त्यांच्या अंगीं नसतें. पाणी नेईल तिकडे जाणें एवढेंच त्यांच्या हातीं. यांनाच प्राणिप्लवक म्हणतात. मुंबईच्या बाजारांत सुकवून विकला जाणारा जवळा हा या मंडळींतला थोराड पुरुषच म्हणावयाचा. बाकीचे बहुतेक त्याहून किती तरी लहान. तारली व बांगडा यांच्यापासून तों कित्येक प्रचंड देवमाशांपर्यंत अनेकांचा चरितार्थ यांच्यावर चालतो. जन्मभर असे तरंगत राहणाऱ्या प्राण्यांच्याच सुमारें सात हजार जाती आजवर वर्णिल्या गेल्या आहेत; केवळ बालपणीं तरंगणारे ते निराळेच. यांतील कोणता प्राणी कोण, हें ओळखावें कसें? या प्रश्नाचा गेल्या दोनशें वर्षांचा इतिहास म्हणजे चुकीचीं नांवें पडण्याचा व तीं दुरुस्त करण्याचा इतिहास होय.

या चुकांचा प्रारंभ मोठा बोधप्रद आहे. सुरवंटाचें फुलपांखरूं होतें तें माणसाच्या डोळ्यांसमोर; म्हणून त्यांचें नातें कळावयास फारशी अडचण पडली नाहीं. समुद्रांतहि बालरूप व प्रौढरूप सर्वस्वी भिन्न असलेले प्राणी विपुल आहेत, पण त्यांचें रूपांतर पाण्याआड घडतें. त्यामुळें एकाच प्राण्याचीं बाळ व बाप अशीं दोन रूपें दोन निरनिराळे प्राणी म्हणून ग्रंथांत नोंदलीं जात. १८०२ सालीं बॉस्क नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें डोक्यावर लांब कांटा असलेल्या एका सूक्ष्म जलचरास ‘झोइया’ असें नांव देऊन त्याची स्वतंत्र प्रजाति ठरविली. पुढें तशाच दुसऱ्या एकास ‘मेगॅलोपा’ हें नांव मिळालें. आयर्लंडांत कॉर्क येथें नेमणुकीवर असलेला जॉन व्हॉगन थॉम्सन हा लष्करी शस्त्रवैद्य मलमलीचें लहानसें जाळें घेऊन खाडींतले असे जीव गोळा करीत असे. १८२३ मध्यें पकडलेले झोइया त्यानें काचेच्या भांड्यांत, रोज समुद्राचें पाणी बदलून, जिवंत ठेवले. तेव्हां कात टाकतां टाकतां त्यांचें रूप पालटूं लागल्याचें त्याला दिसलें. नंतर खेकड्याच्या मादीचीं अंडीं त्यानें फुटूं दिलीं, आणि त्यांतून झोइयाच बाहेर पडले! झोइया हा स्वतंत्र प्राणी नसून खेकड्याचा डिंभ, म्हणजे अंड्यांतून निघालेलें बालरूप आहे, हें त्यानें १८२८ पासून प्रसिद्ध केलें. जहाजांच्या तळाला चिकटणारे बार्नेकल हे क्यूव्हिएच्या वर्गीकरणांत शिंपल्याकालवांच्या गोतांत होते. त्यांचे डिंभ पाहून थॉम्सननें १८३० मध्यें त्यांना खेकड्याझिंग्यांच्या कुळांत आणून बसविलें.

विद्वानांनीं हें सहजासहजीं मान्य केलें नाहीं. राठके या जर्मन शास्त्रज्ञानें १८२९ मध्यें गोड्या पाण्यांतील क्रेफिशचें पिलूं अंड्यांतून निघतांनाच आईबापांसारखें दिसतें असें दाखविलें होतें. मग खेकड्यानेंच निराळें कां वागावें, असा सवाल थॉम्सनला करण्यांत आला. दोघांचेंहि म्हणणें आपापल्या प्राण्यापुरतें खरें होतें; एका उदाहरणावरून सगळ्या कुळाचा नियम बांधण्याची घाई तेवढी चुकीची होती. रूपावरून नांव ठेवणें किती धोक्याचें आहे, हें मात्र या वादानें कायमचें सिद्ध झालें.

मलमलीच्या जाळ्याचा मार्ग पुढें अनेकांनीं चोखाळला. बीगल जहाजावरून निघालेल्या तरुण डार्विननें जानेवारी १८३२ मध्यें निशाणाच्या कापडाची चार फूट खोल पिशवी शिवून ती जहाजामागें ओढली होती. बर्लिनचा प्राध्यापक योहानेस म्यूलर यानें उत्तर समुद्रांतील हेल्गोलँड बेटाजवळ लांब दांड्या असलेला, चित्रकाराच्या उलट्या तिकाटण्यासारखा दिसणारा एक पारदर्शक जीव पाहिला व त्याला ‘प्लूटियस’ असें नांव दिलें. पुढें त्याच्याच अभ्यासांतून हे प्लूटियस म्हणजे सी-अर्चिन व ठिसूळ तारामासे यांचे डिंभ होत हें निष्पन्न झालें. अखेर १८८७ सालीं कील विद्यापीठाच्या व्हिक्टर हेन्सेननें या साऱ्या तरंगत्या जीवांना ‘प्लँक्टन’ हें नांव दिलें. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ भटकणारा असा आहे. हेन्सेनला केवळ नांव ठेवावयाचें नव्हतें. समुद्रांत माशांचें अन्न किती आहे याचा हिशोब त्याला मांडावयाचा होता. त्यासाठीं त्यानें पिठाच्या गिरणींत चाळणीला लावतात तें रेशमी कापड निवडलें, कारण त्याचीं छिद्रें सर्वत्र सारखीं असत. १८८९ मध्यें नॅशनल या जहाजावरून तो हीं जाळीं घेऊन अटलांटिक महासागरांत हिंडला.

परंतु मोजावयाचें तर आधीं ओळखावयास हवें. १८७२ ते १८७६ पर्यंत पृथ्वीप्रदक्षिणा केलेल्या चॅलेंजर जहाजानें आणलेल्या संग्रहांचे अहवाल पन्नास खंडांत छापले गेले. त्यांत कोपेपॉड नांवाच्या, वल्ह्यासारखे पाय असलेल्या प्लवकांवरील ब्रेडीचा अहवाल १८८३ मध्यें निघाला. १८९२ सालीं गीसब्रेख्टनें नेपल्सच्या आखातांतील कोपेपॉडांचा सचित्र ग्रंथ सिद्ध केला. विसाव्या शतकाच्या आरंभीं नॉर्वेच्या जी. ओ. सार्सनें आपल्या देशाच्या किनाऱ्यावरील कोपेपॉड चित्रित केले. भारतीय समुद्रांच्या बाबतींत हें काम आर. बी. सीमोर सेवेल यांनीं केलें. इन्व्हेस्टिगेटर या सर्वेक्षण जहाजावर शस्त्रवैद्य व निसर्गशास्त्रज्ञ म्हणून राहिलेल्या आणि पुढें भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्याचे संचालक झालेल्या सेवेल यांचा भारतीय समुद्रांतील कोपेपॉडांवरील ग्रंथ १९२९ व १९३२ मध्यें दोन भागांनीं कलकत्त्यास प्रसिद्ध झाला.

या ग्रंथांच्या मागची मेहनत सामान्य वाचकाच्या ध्यानांत येणें कठीण. कोपेपॉड हा तांदुळाच्या कणीएवढा, पुष्कळदां त्याहूनहि बारीक. तो काचेच्या पट्टीवर एका थेंबांत ठेवावयाचा, दोन सुया हातांत घेऊन त्याचे पाय एकेक करून सोडवावयाचे, आणि विशेषतः पांचव्या जोडीच्या पायांवरचे दांत, केस व वळणें पाहून जाति ठरवावयाची. नराचे पाय निराळे, मादीचे निराळे. बाल्यावस्थेंत तर हीं लक्षणें उमटलेलींच नसतात. आणि जाळ्यांत येतो तो बहुधा सगळा बालकांचाच मेळा. म्हणून जन्मभर सुई धरलेला पंडितहि हजारों जीवांपुढें प्रजातीचें नांव लिहून जातीच्या जागीं कोरी रेघ ओढीत असे.

ही कोरी रेघ पंडितांपुरतीच राहिली असती तर कोणाचें बिघडलें नसतें. पण तिचा संबंध माणसाच्या ताटाशीं येतो. उत्तर अटलांटिकमध्यें कॅलॅनस नांवाचा कोपेपॉड अमाप सांपडतो. त्याच्या दोन सख्ख्या वाटणाऱ्या जाती आहेत: थंड पाण्यांतली फिनमार्किकस आणि उबदार पाण्यांतली हेल्गोलँडिकस. पांचव्या पायाच्या आंतल्या कडेवरील दंतपंक्ति एकींत सरळशी, दुसरींत अधिक वळलेली, एवढ्यावर मुख्यतः हा भेद उभा आहे. त्यामुळें या दोन जाती कीं एकाच जातीचीं दोन रूपें हा वाद विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालला. १९३१ सालीं आलिस्टर हार्डी यांच्या योजनेप्रमाणें हल बंदराहून निघणाऱ्या व्यापारी जहाजांच्या मागें एक यंत्र ओढण्यास सुरुवात झाली. त्यांत रेशमाची पट्टी हळूहळू गुंडाळत जाई व तिच्यावर वाटेंतले प्लवक अडकून राहत. त्या पट्ट्यांवरच्या अनेक दशकांच्या नोंदी पुढें पडताळून पाहिल्या, तेव्हां उत्तर समुद्रांत फिनमार्किकस घटत असून हेल्गोलँडिकस वाढत आहे असें आढळलें. उबदार पाण्याचे कोपेपॉड ईशान्य अटलांटिकमध्यें चाळीस वर्षांत सुमारें दहा अक्षांश उत्तरेकडे सरकले, हा निष्कर्ष २००२ मध्यें प्रसिद्ध झाला. कॉड माशाच्या पिलांना वसंतांत जें अन्न हवें असतें तें फिनमार्किकस पुरवितो. हेल्गोलँडिकसचा भर वर्षाच्या उत्तरार्धांत येतो. दोन्ही जाती एकाच नांवाखालीं मोजल्या असत्या, तर समुद्रांत अन्न आहे पण पिलें मात्र उपाशी मरत आहेत हें कोडें सुटलेंच नसतें.

हिंदी महासागराची कथा याच संदर्भांत लक्षांत घेण्याजोगी आहे. १९५९ ते १९६५ या काळांत अनेक राष्ट्रांनीं मिळून आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम पार पाडली. जहाजें निरनिराळ्या देशांचीं. पण प्लवकांचे नमुने परस्परांशीं ताडून पाहतां यावेत म्हणून सर्वांनीं एकाच मापाचें जाळें दोनशें मीटर खोलीवरून उभें वर ओढावें असें ठरलें. हे नमुने कोचीन येथें खास स्थापन झालेल्या हिंदी महासागर जीवशास्त्रीय केंद्रांत येत व तेथें बसून तरुण भारतीय अभ्यासक ते वर्गवारीनें निवडीत. धान्य निवडावें तसें हें काम. फक्त येथें दाणा सूक्ष्मदर्शकाखालीं धरावा लागे. या मोहिमेच्या भारतीय कार्याचे सूत्रधार डॉ. एन्. के. पणिक्कर हे होते. १ जानेवारी १९६६ रोजीं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली, तेव्हां तेच तिचे पहिले संचालक झाले व कोचीनचें केंद्र त्या संस्थेंत समाविष्ट झालें. गोव्याच्या दोना पावला येथें आज या संस्थेचें मुख्य ठाणें आहे. मोहिमेच्या प्लवकांचे नकाशे पुढें ग्रंथरूपानें निघाले व जगभर वापरले गेले. हे सारे नमुने त्या काळच्या रिवाजाप्रमाणें फॉर्मालिनमध्यें ठेवलेले होते. शरीराचा आकार टिकवावयास त्यासारखें द्रव्य नाहीं. पण शरीराच्या आंत लिहिलेला एक मजकूर तेंच द्रव्य हळूहळू पुसून टाकीत होतें, याची तेव्हां कोणास चिंता करण्याचें कारण नव्हतें.

तो मजकूर म्हणजे डी. एन्. ए. त्याची दुहेरी पिळाची रचना वॉटसन व क्रिक यांनीं १९५३ मध्यें उलगडली. त्यांतील अक्षरक्रम वाचण्याची सोयीची पद्धति सँगरनें १९७७ मध्यें दिली. आणि एका सूक्ष्म तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची युक्ति मलिस यानें १९८३ मध्यें शोधली. चार रासायनिक अक्षरांनीं लिहिलेला हा लेख प्रत्येक पेशींत असतो. मोठा लेख पेशीच्या केंद्रांत. आणि एक छोटा लेख मायटोकाँड्रिया नांवाच्या, पेशीला ऊर्जा पुरविणाऱ्या कणांत. एका पेशींत असे कण पुष्कळ असल्यामुळें छोट्या लेखाच्या प्रतीहि पुष्कळ, आणि म्हणून कणीएवढ्या प्राण्यांतूनहि तो मिळविणें सोपें. १९९४ मध्यें फोल्मर व त्याच्या सहकाऱ्यांनीं या छोट्या लेखांतील सी-ओ-वन या जनुकाला लागणारी एक रासायनिक किल्ली तयार केली; अकरा संघांतील ऐंशींहून अधिक पृष्ठवंशहीन प्राण्यांत ती लागली. २००३ सालीं कॅनडांतील ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट यांनीं पुढचें पाऊल टाकलें. दुकानांतील मालावर काळ्या रेघांची चिठ्ठी असते व ती यंत्राला दाखवितांच मालाचें नांव कळतें. त्याप्रमाणें याच जनुकाच्या सुमारें साडेसहाशें अक्षरांचा तुकडा सर्व प्राण्यांची चिठ्ठी, म्हणजे बारकोड, मानावा, अशी सूचना त्यांनीं केली. परस्परांशीं निकट असलेल्या दोनशें जातींच्या पतंगफुलपांखरांवर त्यांनीं ती पारखून दाखविली.

यांतील तत्त्व साधें आहे. एकाच जातीच्या दोन कोपेपॉडांत या अक्षरांचा फरक बहुधा शेंकडा एकदोन असतो. भिन्न जातींत तो पुष्कळदां शेंकडा दहाच्याहि पुढें जातो. शिवाय अंडें, डिंभ, पिलूं, नर, मादी, किंवा तुटलेला एखादा पाय, यांपैकीं कांहींहि घेतलें तरी लेख तोच. रूप पालटतें, अक्षरें पालटत नाहींत. थॉम्सनला जें नातें सिद्ध करण्यासाठीं रोज पाणी बदलीत बसावें लागलें, तें आतां प्रयोगशाळेंत थोड्या दिवसांत ठरूं लागलें.

२००४ ते २०१० या काळांत सागरी प्राणिप्लवकांची एक जागतिक खानेसुमारी झाली. कनेक्टिकट विद्यापीठाच्या अ‍ॅन बकलिन या तिच्या अग्रणी होत्या. एप्रिल २००६ मध्यें रोनाल्ड एच. ब्राउन हें जहाज सारगासो समुद्रांत गेलें व पांच हजार मीटर खोलीपर्यंत जाळीं सोडलीं गेलीं. त्या सफरीचें वैशिष्ट्य असें कीं, एका मेजापाशीं सुई व सूक्ष्मदर्शक घेतलेले जुन्या परंपरेचे जाणते बसले होते आणि शेजारींच जनुकलेख वाचण्याचें यंत्र चालू होतें. आधीं नांव, मग अक्षरें, असा क्रम होता. तो क्रम कां महत्त्वाचा, हें पुढें कळेल.

या पद्धतीनें सुटलेल्या जुन्या कोड्यांत सेराटॅस्पिसचें कोडें विशेष मनोरंजक आहे. १८२८ सालीं ग्रे यानें डॉल्फिनच्या पोटांत सांपडलेल्या, जाड कवचाच्या व शिंगांच्या एका अक्राळविक्राळ जीवास ‘सेराटॅस्पिस मॉन्स्ट्रोसा’ असें नांव दिलें. हा कोणत्या तरी कोळंबीचा डिंभ असावा अशी शंका एकोणिसाव्या शतकांतच आली होती. पण त्याचे आईबाप कोण हें कोणासच सांगतां येईना. २०१२ मध्यें मेक्सिकोच्या आखातांत मिळालेल्या एका नमुन्याचीं जनुकें वाचलीं, तेव्हां तीं अथांग तळाशीं राहणाऱ्या प्लेसिओपीनियस आर्माटस या कोळंबीशीं जुळलीं. तिचें वर्णन १८८१ सालींच झालेलें होतें. म्हणजे बाळ व आई हीं दोघेंहि शंभराहून अधिक वर्षें पुस्तकांत होतीं. त्यांची भेट तेवढी झाली नव्हती. प्राणिशास्त्रांत अगोदरचें नांव श्रेष्ठ मानतात; म्हणून शेवटीं आईलाच बाळाचें नांव घ्यावें लागलें.

दुसरें उदाहरण म्यूलरच्या प्लूटियसचें. उत्तर समुद्रांत अशा डिंभांची संख्या १९८० नंतरच्या दशकांत फार वाढल्याचें हार्डींच्या यंत्रांतील पट्ट्यांवरून दिसत होतें. पण डोळ्यांना त्यांची जाति सांगतां येत नव्हती. २००५ मध्यें फॉर्मालिनांत राहिलेल्या त्या नमुन्यांतूनच जनुकाचा लहानसा शाबूत तुकडा मिळविण्यांत आला व हे डिंभ मुख्यतः वाळूंत पुरून राहणाऱ्या हृदयाकृति सी-अर्चिनचे आहेत असें ठरलें. समुद्राच्या वरच्या थरांतला बदल तळाच्या वाळूंतून येत होता. उत्तर ध्रुवाकडील कॅलॅनसच्या बाबतींत याहून मोठा धक्का बसला. तेथें मोठा तो ग्लेशिअ‍ॅलिस, लहान तो फिनमार्किकस, असें लांबी मोजून ठरविण्याचा प्रघात होता. जनुकें वाचतां दोन्ही जातींच्या लांबी एकमेकींत मिसळलेल्या आढळल्या, आणि नॉर्वेच्या ज्या खाड्यांत केवळ फिनमार्किकस मानला जाई तेथेंहि ग्लेशिअ‍ॅलिस नांदत असल्याचें दिसून आलें. उष्ण होत चाललेल्या समुद्रांत कोण मागें हटतो व कोण पुढें येतो, याचे तेथील जुने हिशोब त्यामुळें पुन्हा तपासावे लागत आहेत.

एवढें यश पाहून कित्येकांना वाटलें कीं आतां सुई व सूक्ष्मदर्शक अडगळींत टाकावे. आज तर एकेक प्राणी वेगळा न करतां सबंध जाळ्यांतला गाळ एकत्र घोटून त्यांतील हजारों लेख एकदम वाचण्याची पद्धति रूढ झाली आहे. तिनें कोण आहे याचा सुगावा लागतो. पण किती आहेत, नर किती, माद्या किती, पिलें किती, हें तिला नीट सांगतां येत नाहीं. कांहीं संघांत, उदाहरणार्थ पारदर्शक कंगव्यांच्या ओळी असलेल्या टेनोफोरांत, फोल्मरची किल्ली नीट चालत नाहीं. आणि मूळ अडचण याहून खोल आहे. अक्षरें स्वतः नांव सांगत नाहींत. तीं ज्या संग्रहाशीं ताडून पाहावयाचीं, त्यांत त्या जातीचा लेख कोणी तरी जाणत्यानें ओळखून ठेवलेल्या प्राण्यावरून घातलेला असला पाहिजे. तो नसेल तर लेख अनामिक राहतो. आणि ओळखणाराच चुकला असेल, तर ती चूक यंत्राच्या अधिकारवाणीनें जगभर पसरते. थॉम्सनच्या काळीं एका प्राण्याला दोन नांवें पडत. आतां शेंकडों लेख एकाहि नांवावांचून संग्रहांत पडून आहेत.

यांत काळाचाहि तगादा आहे. सेवेल किंवा सार्स यांच्या परंपरेंतील, पांचव्या पायावरून जाति सांगणारे जाणते सर्वच देशांत विरळ होत चालले आहेत. ही विद्या ग्रंथांतून अर्धीच मिळते. उरलेली गुरूच्या शेजारीं वर्षानुवर्षें बसून हाताला व डोळ्याला येते. फॉर्मालिनांतील जुन्या नमुन्यांतून लेखाचे तुकडे क्वचित् निघतात, सबंध लेख बहुधा निघत नाहीं. म्हणून हिंदी महासागर मोहिमेनें ज्या जाती टिपल्या त्यांचे लेख हवे असतील तर नवे प्राणी पकडून ते मद्यार्कांत ठेवावे लागतात, आणि त्यांची ओळख जाणत्याकडून पटवून घ्यावी लागते. त्यांतहि बारीक कोपेपॉडाचें सगळें शरीर परीक्षेंतच खर्ची पडलें, तर साक्षीला कांहींच उरत नाहीं. म्हणून आधीं त्याचें चित्र घेणें व शक्य तर एक पाय किंवा कवच राखून ठेवणें हा चांगल्या प्रयोगशाळांचा दंडक झाला आहे.

भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवर असें काम चालू आहे. अरबी समुद्रांत पावसाळ्याबरोबर पाण्याचें मान पालटतें, आणि तारली व बांगडा यांचें येणेंजाणें प्लवकांच्या भरतीओहोटीशीं निगडित असतें. त्या बदलांचा माग ठेवावयाचा तर आजच्या जाळ्यांतील प्राणी व सेवेल यांच्या चित्रांतील प्राणी एकच कीं नाहीं, हें सांगणारा माणूस आणि तें सिद्ध करणारा लेख, दोन्ही लागतात. लेख वाचणारें यंत्र विकत आणतां येतें. पांचव्या पायावरचे दांत ओळखणारा डोळा तयार व्हावयास मात्र पंधरा-वीस वर्षें लागतात; आणि ज्यांच्यापाशीं बसून तो तयार व्हावयाचा ते हयात आहेत तोंवरच त्याला आरंभ झाला पाहिजे.